तिसरीतलं पोर आणि एआय: आधी काय शिकवायचं, हातात काय द्यायचं

२०२६-२७ या शैक्षणिक वर्षात तिसरीपासूनच्या मुलांना एआयची ओळख करून द्यायची, असं केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अभ्यासक्रम आखण्यासाठी सीबीएसईनं आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तेव्हापासून कोल्हापुरातल्या पालकांच्या तोंडी दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. "आठ वर्षांच्या पोराला कशाला ही भानगड? आधी पाढे तरी पाठ होऊ देत." आणि, "आमचं पोर मागं पडायला नको, कुठला क्लास लावू सांगा."

दोघंही मनात एकच चित्र धरून बोलत असतात. एआय शिकवणं म्हणजे मुलाच्या हातात मोबाइल देऊन त्याला चॅटजीपीटीशी बोलायला लावणं, असं ते चित्र. माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. प्राथमिक शाळेतल्या मुलाला हे यंत्र कसं चालतं, कुठं चुकतं आणि का चुकतं हे जरूर शिकवावं. ते मोबाइलशिवाय शिकवता येतं. यंत्र वापरायला देण्याची मात्र या वयात घाई नको.

एआय म्हणजे नेमकं काय

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. माणसाला डोकं लावून करावी लागणारी कामं, म्हणजे चेहरा ओळखणं, बोलणं समजणं, मजकूर लिहिणं, ही यंत्राकडून करून घेण्याचं तंत्र. नाव जुनं आहे. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात शास्त्रज्ञ जमले होते, तेव्हापासून ते रूढ झालं.

साध्या संगणकाला माणूस नियम लिहून देतो. शंभरातून किती गुण मिळाले तर पास, किती मिळाले तर नापास, हे आपण सांगायचं आणि त्यानं तसं छापायचं. आजचं एआय बहुतेक वेळा असं चालत नाही. ते उदाहरणांवरून शिकतं. म्हणजे कसं, हे समजायला आपल्याकडच्या गुऱ्हाळावर चला.

काहिलीत उसाचा रस उकळत असतो आणि काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. थोडं आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, थोडा उशीर झाला तर करपतो, रंग जातो, बाजारात रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, भाव मिळत नाही. गुळव्याला विचारा, "नियम सांगा की." तो म्हणेल, "नियम कसला, डोळ्याला कळतंय." फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, उलथन्यावरून रस कसा गळतोय, थेंब पाण्यात टाकला तर गोळी होते का, हे सगळं त्यानं वर्षानुवर्षं पाहिलंय. पाहून पाहून हात बसलाय.

एआयही असंच लाखो उदाहरणं पाहतं. मांजराचे फोटो ओळखायला शिकवायचं असेल, तर फोटो दाखवायचे आणि हे मांजर, हे नाही, असं सांगत राहायचं. दर चुकीनंतर यंत्राच्या आतले आकडे थोडे इकडे-तिकडे सरकतात. असं अगणित वेळा झालं की अंदाज बरोबर यायला लागतात. या शिकून तयार झालेल्या आकड्यांच्या जुळणीला 'मॉडेल' म्हणतात. या लेखापुरता तांत्रिक शब्द एवढाच.

गुळव्याकडून आणखी एक गोष्ट कळते. आयुष्यभर ८६०३२ या जातीच्या उसाच्या रसावर हात बसलेला माणूस २६५ या दुसऱ्या जातीचा रस पहिल्यांदा काहिलीत आला तर चुकू शकतो. यंत्राचंही तसंच. जे पाहिलं त्यात ते हुशार, जे पाहिलं नाही त्यात कच्चं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक महिलांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका प्रणालीत जवळजवळ ३५ टक्क्यांवर गेलं. असल्या प्रणाली ज्या फोटोंवर शिकतात, त्यांत गोऱ्या चेहऱ्यांची गर्दी असते. हे तिसरीतल्या मुलाला सांगितलं तर त्याला पटकन कळतं, कारण 'आम्हाला धरलंच नाही' हे मुलांना फार लवकर समजतं.

तुलना इथंच थांबवली पाहिजे. गुळव्यानं गूळ चाखलाय, काहिलीच्या धगीनं त्याचा हात भाजलाय, गूळ म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे. यंत्राला मांजर म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याच्याकडे फक्त आकडे असतात.

मग ते इतकं छान बोलतं कसं

चॅटजीपीटीसारखी बोलणारी यंत्रं प्रचंड मजकूर वाचून एकच गोष्ट शिकलेली असतात: इतके शब्द आले, तर पुढचा शब्द कोणता यायची शक्यता जास्त. पुढं माणसांनी त्यांना नीट आणि नम्र उत्तर द्यायला वळण लावलेलं असतं, पण मूळ काम हेच.

वर्गात हे दाखवायला काहीच लागत नाही. बाईंनी नुसतं "जगात भारी" म्हणावं, अख्खा वर्ग "कोल्हापुरी" म्हणून ओरडतो. "ज्योतिबाच्या नावानं" म्हटलं की "चांगभलं". "नाचता येईना" म्हटलं की "अंगण वाकडं". पुढचा शब्द कसा कळला? मुलं सांगतील, "लई वेळा ऐकलंय." बस, यंत्राचं उत्तरही हेच आहे.

आता बाईंनी म्हणावं, "माझ्या शेजारच्या आजींचा जन्म ज्या गावात झाला, त्या गावाचं नाव..." मुलं गप्प बसतील. एखादं म्हणेल, "आम्हाला काय माहीत?" हे उत्तर शहाणपणाचं आहे आणि त्याबद्दल वर्गात शाबासकी द्यायला हवी. यंत्र मात्र अशा वेळी गप्प बसेलच असं नाही. ते "गारगोटी" म्हणेल किंवा "गडहिंग्लज" म्हणेल. वाक्य व्याकरणात चोख, सूर ठाम, आणि माहिती मनची. जाणकार याला यंत्राचा भास म्हणतात. मुलांना थाप म्हटलं तरी चालेल, फक्त एक फरक समजावून द्यायचा: आपण थाप मारतोय हे यंत्राला कळत नसतं. हल्ली ही यंत्रं इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात. त्यानं चुका कमी होतात, संपत नाहीत.

लहान मुलांच्या बाबतीत वेगळी काळजी कशाला

कारण त्या वयात जे बोलतं ते जिवंत वाटतं. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा अगदी साधा संवाद-प्रोग्रॅम लिहिला. समोरच्याचंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तो तयार होताना पाहिलेली त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्या वेळानं तिनं वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला खासगी बोलायचं होतं. ही हकिगत त्यांनी स्वतः सांगितली आहे. आजची यंत्रं तर गोड आवाजात, मुलाचं नाव घेऊन, न थकता बोलतात. बाहुलीला भात भरवणाऱ्या वयात पोरानं अशा यंत्राला मित्र मानलं तर त्यात पोराचा दोष नाही.

म्हणूनच वयाच्या अटी आहेत. मुलांनी एआयशी स्वतंत्रपणे संवाद करण्यासाठी किमान वय १३ असावं, असं युनेस्कोनं सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही १३ वर्षांखालच्यांना परवानगी नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. आपल्या घरातलं तिसरीतलं पोर आईच्या मोबाइलवरून ते वापरत असेल, तर कंपनीच्या लेखी वापरणारी आई आहे. पडद्यामागं आठ वर्षांचं मूल आहे हे धरून उत्तरं आलेली नसतात.

वर्गात काय करता येईल

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली-दुसरीला झाडांची पानं पुरतात. पंधरा-वीस पानं गोळा करून आणायची आणि दोन ढीग करायचे. आंबा एकीकडं, पिंपळ दुसरीकडं. मग विचारायचं, "तू कशावरून ओळखलंस?" टोकावरून, शिरांवरून, देठावरून, जे मुलं सांगतील ते फळ्यावर लिहायचं. मग वडाचं पान आणायचं आणि ते कुठं ठेवायचं यावर भांडू द्यायचं. उदाहरणांवरून शिकणं आणि उदाहरण अपुरं पडणं, दोन्ही त्या भांडणात आलं.

तिसरी ते पाचवीला एक लॅपटॉप आणि त्याचा कॅमेरा मिळाला तर फार छान काम होतं. गूगलचं 'टीचेबल मशीन' नावाचं मोफत साधन २०१७ पासून आहे. ते ब्राउझरमध्ये उघडतं आणि कॅमेऱ्यानं घेतलेले नमुने त्याच संगणकात हाताळतं. आपण प्रकल्प ऑनलाइन जतन केला तरच ते बाहेर जातात. लॅपटॉप शिक्षकांनीच चालवायचा. एका गटात कोल्हापुरी चपलेचे फोटो, दुसऱ्या गटात रबरी स्लीपरचे. मिनिटा-दोन मिनिटांत यंत्र शिकतं. नवी कोल्हापुरी धरली की "कोल्हापुरी", स्लीपर धरली की "स्लीपर". मुलं टाळ्या वाजवतात.

खरा धडा यानंतर सुरू होतो. आता कॅमेऱ्यासमोर लिंबू धरायचं. यंत्र लिंबाला "कोल्हापुरी" म्हणेल किंवा "स्लीपर" म्हणेल, आणि कदाचित नव्वद टक्के खात्रीनं म्हणेल. कारण त्याच्याकडे दोनच पेट्या आहेत, 'यापैकी काहीच नाही' अशी तिसरी पेटी आपण दिलेलीच नाही. मुलं आधी हसतात. मग कुणीतरी विचारतंच, "मग ते नव्वद टक्के कशाला दाखवतंय?" खात्री आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्या प्रश्नात आलं.

दुसरा प्रयोग याहून बारीक आहे. कोल्हापुरीचे सगळे फोटो लाल सतरंजीवर घ्यायचे, स्लीपरचे सगळे पांढऱ्या फरशीवर. शिकवून झालं की स्लीपर लाल सतरंजीवर ठेवायची. बऱ्याचदा यंत्र फसतं आणि तिला "कोल्हापुरी" म्हणतं. ते चप्पल शिकलंच नव्हतं, सतरंजी शिकलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांतही याच जातीच्या चुका निघतात. चौथीतल्या पोरानं ही चूक स्वतः पकडली, तर पुढं कुठलंही यंत्र समोर आलं तरी "तुला कुणी काय दाखवून शिकवलंय?" हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहतो.

चपलेऐवजी वही आणि पाटी घेतली तरी चालतं. मुलांचे चेहरे मात्र घेऊ नयेत.

"आमच्या शाळेत एक संगणक, तोही बंद"

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण वरचे पानांचे आणि शब्दांचे खेळ खडू-फळ्यावर होतात. माझी काळजी उलट बाजूनं आहे. शहरातल्या महागड्या शाळेतलं मूल यंत्र कसं चुकतं ते शिकेल, आणि शाहूवाडी-गगनबावड्याच्या वाडीवरचं मूल तेच यंत्र घरच्या मोबाइलवर वापरेल, पण त्याला कुणी काही समजावलेलं नसेल. मोबाइल सगळीकडं पोचलाय, समज पोचायची आहे. ज्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड लावला, तिथं हे शिक्षण ऐपतीवर सोडणं मला पटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना आधी प्रशिक्षण मिळालं पाहिजे. साहित्य नंतर आलं तरी चालेल.

"गृहपाठाला मदत घेतली तर काय बिघडलं?"

तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास इथं उपयोगी आहे. गणिताच्या सरावाला ज्यांना नेहमीसारखं चॅट यंत्र दिलं, त्यांचा सराव ४८ टक्के चांगला झाला. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा त्यांना यंत्र न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के कमी गुण मिळाले. तिसऱ्या गटाच्या यंत्राला थेट उत्तर न देता फक्त इशारे द्यायला बांधलं होतं. त्या गटाचं नुकसान बहुतेक टळलं, पण परीक्षेत फायदाही दिसला नाही. ही मुलं मोठी होती. लिहायला-वाचायला अजून शिकतंय अशा मुलाच्या हाती तयार निबंध ठेवला, तर घडायचं तेच राहून जाईल. पावसाळ्यावर दहा ओळी लिहून घेण्यात शाळेला त्या दहा ओळी नको असतात, त्या लिहिताना मुलाची जी झटापट होते ती हवी असते.

काही जण म्हणतात, कॅल्क्युलेटर आला तेव्हाही असाच ओरडा झाला होता. कॅल्क्युलेटर सात गुणिले आठ कधी चुकत नाही, आणि तरीही आपण तिसरीला पाढे पाठ करूनच घेतो.

शिक्षकांनी स्वतःसाठी वापरण्याबद्दल माझा आक्षेप नाही. दोन-दोन इयत्ता एकत्र शिकवणाऱ्या गुरुजींना उदाहरणसंग्रह किंवा सोप्या गोष्टींचा कच्चा मसुदा यंत्रानं दिला, त्यांनी तो तपासून वापरला, तर त्यांचा वेळ वाचतो. फक्त मुलांची नावं आणि गुण त्यात टाकू नयेत.

मराठीत विचारलं तर

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. इंटरनेटवरच्या मजकुरात मात्र मराठीचा वाटा एक टक्क्याच्याही बराच खाली आहे. यंत्र जे वाचून शिकतं त्यात आपण कमी, म्हणून मराठीत आणि त्यातही आपल्या गावाबद्दल विचारलं की चुका वाढतात.

याचा उपयोग करून घेता येतो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असायचं. कोल्हापूर जिल्ह्याचं जुनं पुस्तक घरात असेल तर ते काढा. तुमच्या मोबाइलवर, तुम्ही स्वतः, मुलाला शेजारी बसवून यंत्राला विचारा: पंचगंगा कोणत्या पाच नद्यांनी बनते? मग पुस्तकाशी किंवा आजोबांशी ताडून पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती. उत्तर बरोबर आलं तरी ताडायचं, चुकलं तरी ताडायचं. त्यानंतर आपल्या गल्लीबद्दल, आपल्या तालमीबद्दल विचारा. तिथं यंत्र बहुधा अडखळेल. यंत्राला न आलेलं उत्तर आपल्या पोराला येतं, हे त्याला कळू दे.

खोट्या व्हिडिओंचं काय

पाऊस लागला की आपल्या प्रत्येक घरात विचारलं जातं, "राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली?" ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ चा आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरांत तर जास्तच. आता एआयनं बुडालेल्या पुलाचा व्हिडिओ कुणीही घरबसल्या बनवू शकतं आणि तो पाच मिनिटांत सगळ्या ग्रुपवर फिरतो. अशा वेळी मुलाला विचारायला लावा: हे कुणी पाठवलं? कधीचं आहे? जिल्हा आपत्ती कक्षाचा आकडा काय सांगतो? डोळ्यांनी दिसतंय म्हणून खरं, ही सवय मोडायला याहून चांगलं उदाहरण कोल्हापुरात सापडणार नाही.

फोटो, आवाज आणि नाव

मुलाच्या फोटोचं कार्टून करून देणारी ॲप आपण सहज वापरतो. तो फोटो परक्या संगणकावर जातो आणि तिथं किती दिवस राहतो हे आपण वाचत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होतात. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सूट आहे, म्हणून शाळेनं कुठलं ॲप घ्यायला सांगितलं तर "शाळेनं सांगितलंय" एवढ्यावर थांबू नका.

घरात मुलाला सांगायला एक ओळ पुरते: जे अनोळखी माणसाला सांगणार नाहीस, ते यंत्रालाही सांगायचं नाही.

शाळेला काय विचारावं

एआयच्या तासाला मूल यंत्राशी बोलणार आहे की यंत्राबद्दल शिकणार आहे, हा पहिला प्रश्न. यंत्र वापरणार असतील तर पडदा कुणाच्या हातात असेल, खातं कुणाच्या नावानं असेल, मुलाची कोणती माहिती त्यात जाईल आणि ती कधी पुसली जाईल, हे पुढचे. शिक्षकांचं प्रशिक्षण झालंय का, हेही विचारा, पण शिक्षकांना कोंडीत पकडायला नको. बहुतेकांवर हा विषय वरून आलेला आहे.

सरकारी आणि अनुदानित शाळांत हे विचारायला हक्काची जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक किंवा मुलांचे काळजीवाहक असतात. जूनमध्ये शाळा भरली की होणाऱ्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत 'एआय तास आणि मुलांची माहिती' हा विषय लेखी द्या, आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या.